औषधाचं आवर्तन

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मी जनावरांची डॉक्टर म्हणून काम करते. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, लग्न होऊन नारायणगावच्या बाजूला आले आणि इथेच व्यवसाय सुरू केला. घोडेगावच्या पश्चिमेला डोंगर चढू लागला की भात, हिरडा आणि गावठी गुरं दिसतात. पूर्वेला मंचर, नारायणगाव, आळे, बेल्हे या पट्ट्यात ऊस, कांदा, टोमॅटो आणि संकरित गायी. कालव्याचं पाणी आलं, बारमाही चारा आला आणि त्यामागोमाग दुधाचा धंदा आला. घरटी दोन-चार गायी, कुठे दहा-पंधरा. माझा बहुतेक वेळ याच पट्ट्यात जातो आणि सकाळी येणाऱ्या फोनांत सगळ्यात जास्त फोन दगडीचे असतात.

दगडी म्हणजे कासेचा दाह. सडाच्या छिद्रातून जंतू आत शिरतात, कास सुजते, गरम होते, हात लावू देत नाही. दुधात गाठी येतात, कधी दूध पाण्यासारखं होतं, कधी रक्त उतरतं. वेळेत आवरलं नाही तर सड कायमचं बसतं आणि गायीची किंमत निम्म्यावर येते. आमच्याकडे धारा बहुतेक घरांत बायकाच काढतात. त्यामुळे दगडी पहिल्यांदा कळते ती त्यांच्या बोटांना, कुठल्याही तपासणीच्या आधी. ‘मॅडम, उजवं मागचं सड कालपासून जड लागतंय,’ असं एखादी वहिनी फोनवर सांगते तेव्हा ती सहसा चुकलेली नसते.

या कामात बरीच वर्षं गेल्यावर एक गोष्ट मला स्पष्ट दिसू लागली. कॉलेजात शिकलेली जी औषधं सुरुवातीला दोन-तीन दिवसांत कास मऊ करायची, ती आता पाच-पाच दिवस देऊनही हलत नाहीत. आजार तोच, गाय तशीच, औषधाची बाटलीही तीच. बदललेत ते जंतू.

येडगाव धरणाच्या बाजूच्या एका गोठ्यातली गाय मला नीट आठवते. दुसऱ्या वेताची, दिवसाला वीस लिटरच्या वर दूध देणारी. मी पोचले तोवर कास दगड झाली होती. आधी मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबा सडात सोडून झाल्या होत्या. मग कुणी ओळखीच्याने दोन दिवस एक इंजेक्शन दिलं, गुण दिसेना म्हणून तिसऱ्या दिवशी ते बदललं. घरच्या काकूंनी रिकाम्या बाटल्या ओट्यावर मांडून ठेवल्या होत्या. त्यात सेफ्ट्रायॲक्सोन होतं, एन्रोफ्लॉक्सासिन होतं.

‘मॅडम, आता कालच्यापेक्षा पावरचं द्या. पैशाकडं बघू नका.’

‘काकू, देते. पण आधी दूध तपासायला घेते. जंतू कशाने मरतो ते तर कळू दे.’

‘तवर गाय मेली तर?’

हा प्रश्न खोटा नव्हता. ताप चढलेल्या, कान गार पडलेल्या गायीला रिपोर्टची वाट बघत औषधाविना ठेवता येत नाही. म्हणून माझी रीत अशी आहे की नमुना आधी, इंजेक्शन नंतर. पण दोन्ही त्याच भेटीत. सड धुऊन कोरडं करायचं, स्पिरिटच्या बोळ्याने टोक पुसायचं, पहिल्या धारा सोडून द्यायच्या आणि मग निर्जंतुक बाटलीत थोडं दूध घ्यायचं. बाटली बर्फाच्या डब्यात. त्यानंतर सूज आणि वेदना कमी करणारं औषध, सलाईन, दर दोन-तीन तासांनी कास रिकामी करायला सांगणं, आणि अंदाजाने एक प्रतिजैविक सुरू करणं. रिपोर्ट आला की त्याप्रमाणे बदल.

नमुना पुण्याला जातो. औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिवाय खासगी प्रयोगशाळाही आहेत. नारायणगावहून पुणं सुमारे पाऊणशे किलोमीटर, आणि चाकणची वाहतूक ज्याने पाहिली आहे त्याला हे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही हे ठाऊक आहे. प्रयोगशाळेत दुधातले जंतू एका बशीतल्या खाद्यावर वाढवतात आणि त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवतात. जे औषध लागू आहे त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, तिथे स्वच्छ गोल पडतो. जे निकामी आहे त्याच्या चकतीला खेटून जंतू वाढतात. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात.

त्या गायीच्या रिपोर्टात भारीतली म्हणून दिलेली दोन्ही औषधं निकामी ठरली होती. लागू होतं ते जेंटामायसिन, जुनं आणि त्या दोन्हींपेक्षा स्वस्त. ते सुरू केलं, गाय वाचली, तीन सडं वाचली. चौथं बसलं ते बसलंच. काकूंनी बाटल्यांवर केलेला खर्च गेला, आठवड्याभराचं दूध गेलं आणि गाय कायमची अधू झाली. त्यांना मी रिपोर्टचा कागद दाखवला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘म्हंजी आपण पहिल्या दिवशी तपासलं असतं तर?’

पावर ही औषधात नसते. कुठल्या जंतूला कुठलं औषध लागू पडतं यात असते. हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक गोठ्यात बोलते.

औषध निकामी कसं होतं, हेही मी सांगत असते, कारण शेतकऱ्याला कारण कळलं की तो नियम पाळतो. नुसता नियम सांगितला तर पाळत नाही. कासेत कोट्यवधी जंतू असतात. त्यांतले काही मोजके आधीपासूनच औषधाला दाद न देणारे असतात. कुणाकडे औषध फोडून टाकणारं विकर असतं, कुणी आत शिरलेलं औषध पुन्हा बाहेर फेकतो. औषध दिलं की दाद देणारे मरतात आणि हे मोजके मोकळ्या जागेत वाढतात. मात्रा अपुरी पडली, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून इंजेक्शन थांबवलं किंवा नको तिथे औषध दिलं, तर ही निवड आणखी वेगाने होते. त्याहून अवघड गोष्ट अशी की जंतू हा गुण एकमेकांना देऊ शकतात. एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे, शेणातल्या जंतूकडून पाण्यातल्या जंतूकडे हा वारसा जातो. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगून ठेवला होता.

पण हा विषय माझ्यासाठी गोठ्यापुरता राहिला नाही. माझ्या सासूबाईंना एका पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर एका बाजूला दुखू लागलं. लघवीतला संसर्ग आहे म्हणून गोळ्या सुरू झाल्या. ताप उतरेना. गोळ्या बदलल्या, तरी उतरेना. त्या खाणंपिणं सोडून पडून राहिल्या तेव्हा आम्ही त्यांना पुण्यातल्या एका रुग्णालयात नेलं. तिथे लघवीचं कल्चर झालं आणि दोन दिवसांनी रिपोर्ट माझ्या हातात आला.

तो कागद मला ओळखीचा होता. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे लागू की निकामी. सेफ्ट्रायॲक्सोन निकामी. सिप्रोफ्लॉक्सासिन निकामी. एन्रोफ्लॉक्सासिन हे मी गायींना देते ते याच सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातलं, गायीच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनच होतो. ई. कोलाय जंतू होता आणि सेफ्ट्रायॲक्सोनसारखी औषधं फोडून टाकणारी विकरं तो तयार करत होता. तोंडाने घेण्याच्या गोळ्यांत एक जुनी गोळी लागू दिसत होती, पण ती मूत्राशयापुरतीच काम करते. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला की तिचा उपयोग नसतो. म्हणून शिरेतून मेरोपेनेम द्यावं लागलं, दिवसातून तीन वेळा. त्या बऱ्या झाल्या. पण साध्या गोळ्यांनी जायला हवा होता असा आजार सलाईनच्या सुईला आणि रुग्णालयाच्या खाटेला बांधून गेला.

घरी आल्यावर एकदा माझी औषधांची बॅग आवरताना त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं. त्या सातवी शिकलेल्या आहेत, वर्तमानपत्र रोज वाचतात. म्हणाल्या, ‘मला चालत नाही म्हणाले ते हेच ना? माझं औषध आणि गायीचं औषध एकच कसं गं?’

मी त्यांना सांगितलं की बरीचशी एकच असतात. त्यांच्या पोटातला जंतू आमच्या गोठ्यातून आला, असं मी म्हणणार नाही. माणसांतल्या जंतूंचा प्रतिकार मुख्यतः माणसांनी घेतलेल्या औषधांमुळेच वाढतो, आणि आपल्याकडे सर्दीपासून जुलाबापर्यंत कशालाही चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक घेण्याची सवय जुनी आहे. पण माणूस, गाय, कोंबडी आणि टोमॅटो यांच्यासाठी आपण औषधांचा एकच साठा वापरतो. शेण शेतात जातं, शेतातलं पाणी विहिरीत आणि ओढ्यात उतरतं, भाजी घरात येते, धार काढणारा हात चुलीपाशी जातो. जंतूंना तालुक्याची हद्द माहीत नाही, तर गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत त्यांना कुठून माहीत असणार?

हे समजावून सांगायला मला आमच्या भागातच एक गोष्ट सापडली. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं जुन्नर-आंबेगावात आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यांचं पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असं करत थेट करमाळ्यापर्यंत जातं. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की वरच्या माणसाने गरजेपेक्षा जास्त घेतलं तर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाचं पीक वाळतं. वरच्याला ते दिसत नाही. त्याचा ऊस हिरवाच असतो. प्रतिजैविकाचं तसंच आहे. मी आज या गोठ्यात विनाकारण वापरलेली मात्रा उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून गेलेली असते, आणि तो दुसरा कोण हे मला कधीच दिसत नाही. ते एखाद्या दवाखान्यातलं नवजात बाळ असेल, बाळंतीण असेल, मूत्रपिंडाचा आजार झालेली म्हातारी असेल. कालव्याच्या पाण्यावर भांडणं करून का होईना, पण आपण पाळी, मोजमाप आणि पाणी वापर संस्था आणल्या. औषधावर मात्र अजून प्रत्येक जण आपापलं दार उघडून बसला आहे.

हे बोलणं माझ्या दिरांपाशीही झालं. ते टोमॅटो करतात. नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्याबाहेर माहीत आहे आणि त्या बाजारावर आमच्या भागातली कितीतरी घरं चालतात. पावसाळी हवा पडली, पानांवर जिवाणूंचे काळे ठिपके दिसू लागले की कृषी सेवा केंद्रातून स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी येते आणि ताम्रयुक्त बुरशीनाशकाबरोबर पंपात पडते. या पुडीत नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन असतं. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयरोगावर लागू पडलेलं पहिलं प्रतिजैविक. १९४३ साली ते सापडलं तेव्हा जगभरच्या क्षयरोग्यांना पहिल्यांदा औषधाची आशा मिळाली.

आमच्या जिल्ह्याचं या औषधांशी जुनं नातं आहे. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, सगळे तिला एच.ए. म्हणतात, १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली. देशातला पेनिसिलीनचा पहिला कारखाना तो. आमच्या नात्यातले एक काका तिथे नोकरीला होते. न्यूमोनियाने माणसं कशी पटापट जायची आणि पेनिसिलीन आल्यावर कशी उठून बसू लागली, हे ते त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं आम्हाला सांगत. पिकांवरचं स्ट्रेप्टोसायक्लिनही याच कारखान्याचं. ज्या औषधांसाठी एका पिढीने एवढी धडपड केली, ती पुढच्या पिढ्यांनी पानांवर, खाद्यात आणि अंदाजाच्या इंजेक्शनांत उधळली तर ते मोठं नुकसान आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनवर बंदी घालण्याचा मसुदा काढला. त्यात १ जानेवारी २०२४पासून वापर पूर्ण थांबवण्याचा प्रस्ताव होता. मी तो दिरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘वहिनी, शेजारी मारतो. मी नाही मारलं आणि माझाच प्लॉट गेला तर?’ त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण कळतं. एका एकराला मांडव, तार, मल्चिंग, रोपं, मजुरी धरून लाखाच्या वर खर्च बसतो आणि भाव कधी दोन हजारांचं क्रेट दाखवतो, कधी तोडणीची मजुरीही देत नाही. अशा जुगारात माणूस मिळेल तो आधार धरतो. तरीही त्यांनी रोपवाटिकेपासून सुरुवात केली. बियाण्याला ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवण्याची प्रक्रिया, फेरपालट, पानं ओली असताना प्लॉटमध्ये न शिरणं, रोगट झाडं उपटून बाहेर नेणं. जिवाणूचा रोग बियाण्यातून आणि हातातून पसरतो. तो तिथेच अडवला तर फवारणीची वेळ कमी येते.

निदान न करता औषध मारण्याचा मोठा पाठ आमच्या भागाने दोनदा घेतला. २०२०च्या उन्हाळ्यात टोमॅटो एकसारखा लाल न होता पिवळे-हिरवट डाग घेऊन पिकू लागला. शेतकरी त्याला तिरंगा म्हणू लागले. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत विषाणू सापडले. विषाणूवर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग होत नाही. पण तपासणीचा निष्कर्ष येईपर्यंत आमच्याकडे कितीतरी पुड्या फवारून झाल्या होत्या. मग २०२२ मध्ये जनावरांत लम्पी त्वचारोग आला. तोही विषाणूचाच. जनावरांचे बाजार बंद झाले, लसीकरणासाठी आम्ही सगळे धावलो. गाठी फुटून जखमा चिघळल्या तिथे प्रतिजैविक द्यावंच लागलं. पण नुसत्या गाठी आणि ताप असलेल्या जनावरालाही रोज एक इंजेक्शन हवं असा आग्रह घरोघरी होता. भेदरलेल्या माणसाला ‘आज काही टोचायचं नाही, पाणी पाजा, सावलीत बांधा, जखम झाली तर बोलवा’ असं सांगायला इंजेक्शन देण्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. तो वेळ देणं हाच त्या काळात उपचाराचा मोठा भाग होता.

दुधाचा व्यवहार यात सगळ्यात नाजूक आहे. प्रतिजैविक दिलेल्या गायीचं दूध औषध चालू असताना आणि त्यानंतर लेबलवर लिहिलेले दिवस डेअरीला घालायचं नसतं. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८च्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते. आकडा लहान वाटतो, पण डेअरीत दहा गोठ्यांचं दूध एकत्र होतं हे लक्षात घेतलं पाहिजे. दिवसाला १५ लिटर देणारी गाय धरा. चार दिवस औषध आणि चार दिवस विश्रांती, म्हणजे १२० लिटर. लिटरला २७ रुपये धरले तरी ३,२४० रुपये. २०२३च्या अखेरीला दुधाचा भाव इतका उतरला होता की शासनाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. अशा वेळी शेतकऱ्याला ‘दूध ओतून दे’ असं सांगताना मला त्याच्या घरातलं गणित डोळ्यांसमोर दिसतं. काही जण ते दूध वासरांना पाजतात. तेही मी थांबवते, कारण थोडं-थोडं औषध रोज पोटात गेलेल्या वासराच्या आतड्यात दाद न देणारे जंतूच वाढतात.

म्हणून माझा सगळा जोर आता दगडी होऊच नये यावर आहे. गावातल्या बचत गटाच्या बैठकीत मी मंदिराच्या सभामंडपात बसून हे शिकवते, कारण धारा काढणाऱ्या सगळ्या जणी तिथे एकत्र भेटतात. धारेआधी सड धुऊन प्रत्येक गायीला वेगळ्या कापडाने किंवा कागदाने कोरडं करायचं. एकच फडकं सगळ्या गोठ्याला फिरवायचं नाही. पहिल्या धारा काळ्या कपात घेऊन गाठी बघायच्या. निरोगी गायीची धार आधी, आजारी गायीची शेवटी. धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचं. त्यानंतर गायीपुढे लगेच वैरण टाकायची म्हणजे ती अर्धा तास उभी राहते. सडाचं छिद्र तेवढा वेळ उघडं असतं, आणि गाय लगेच शेणात बसली तर जंतूंना वाट मिळते. पंधरा दिवसांनी एकदा सीएमटीची तपासणी. चार खणांच्या पसरट भांड्यात चारही सडांचं दूध घेऊन त्यात द्रावण टाकलं की ज्या सडाचं दूध घट्ट, चिकट होतं तिथे वरून न दिसणारी दगडी असते. ही तपासणी गोठ्यातच दोन मिनिटांत होते आणि बायका ती माझ्याइतकीच नीट करतात.

सुरुवातीलाच ओळखलेल्या, गायीला ताप नसलेल्या दगडीत मी लेपही वापरते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ ज्याचा प्रसार करतं तो हा लेप: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. एकत्र वाटून, पाण्यात पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा कासेला लावायचा, प्रत्येक वेळी आधी दूध काढून टाकायचं. सौम्य आजारात याने गुण येताना मी पाहिला आहे आणि त्या गायींना प्रतिजैविक लागलं नाही. पण गाय तापाने फणफणली असेल, खाणं सोडलं असेल, तर लेपाच्या भरवशावर राहू नका, हेही मी तितक्याच ठामपणे सांगते. औषध वाचवायचं ते खऱ्या गरजेला ते हाताशी असावं म्हणून. गरजेच्या वेळी नाकारणं म्हणजे वाचवणं नव्हे.

ज्या घरांनी हे नेमाने धरलं, तिथून दगडीचे फोन कमी झाले आहेत. माझं उत्पन्न त्या घरांत घटलं आणि मला त्याचा आनंद आहे.

या लहान कामाचा मोठ्या चित्राशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर मी काही आकडे सांगते. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अहवालांनुसार तिच्या पाहणीतल्या मोठ्या रुग्णालयांत सापडलेल्या ई. कोलाय जंतूंपैकी २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के जंतूंवर इमिपेनेम लागू होतं. २०२३ मध्ये ते प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांवर आलं. इमिपेनेम हे सासूबाईंना दिलेल्या मेरोपेनेमच्या गटातलंच औषध. त्याच्यामागे उभी असलेली औषधं फार थोडी आहेत आणि पूर्ण नव्या गटाची औषधं गेल्या काही दशकांत मोजकीच आली. अशा शेवटच्या औषधांपैकी एक कोलिस्टिन. ते कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी वापरलं जात होतं. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला. माणसांसाठीच्या अनेक महत्त्वाच्या प्रतिजैविकांची विक्री मार्च २०१४पासून चिठ्ठी आणि स्वतंत्र नोंदवहीशिवाय करता येत नाही. कायदे आहेत, ते योग्य आहेत. पण कायदा गोठ्यापर्यंत पोचायचा तर त्याच्याबरोबर सोयही पोचली पाहिजे.

त्यासाठी मला तीन गोष्टी हव्या आहेत आणि मी त्या प्रत्येक सभेत मागते. पहिली, जुन्नर आणि आंबेगावसाठी तालुक्याच्या ठिकाणीच नमुना तपासायची सोय, म्हणजे रिपोर्ट गायीच्या वेळेत येईल आणि माणसाच्याही. दुसरी, प्रत्येक गोठ्यात एक वही, ज्यात कुठल्या जनावराला कधी, कोणतं औषध, किती दिवस दिलं याची नोंद राहील. तिसरी, औषध चालू असताना दूध बाजूला ठेवल्याचं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या शेतकऱ्याला डेअरीने किंवा शासनाने त्या दुधाची थोडीतरी भरपाई द्यावी. टेलपर्यंत पाणी पोचावं म्हणून वरच्याने दार वेळेत बंद करायचं, तर त्याच्याही पिकाची हमी कुणीतरी घेतली पाहिजे.

ही सोय होईपर्यंत निदान एवढं प्रत्येकाच्या हातात आहे. तुमच्या गोठ्यात गाय आजारी पडली आणि कुणी प्रतिजैविकाची बाटली फोडू लागलं, तर आधी विचारा की नमुना घेतला का. घरात कुणाला ताप आला आणि चिठ्ठीवर प्रतिजैविक लिहिलं गेलं, तर विचारा की हे कशासाठी आणि किती दिवस. हा प्रश्न विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. मला तर तो प्रश्न विचारणारी माणसं हवी आहेत.